ऑनलाइन शिक्षण : मुली मागे राहतात, की फोन त्यांच्यापर्यंत पोचत नाही?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी एका सिनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते. पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या आराखड्यावर सध्या आमचं काम चालू आहे. विषय असा : पदवीच्या वर्गांनी ऑनलाइन शिक्षण कितपत स्वीकारलं, आणि त्यात मुलगे-मुली असा फरक दिसतो का. तिचं पहिलंच गृहीतक आहे, 'विद्यार्थिनींमध्ये ऑनलाइन शिक्षणाचा स्वीकार विद्यार्थ्यांपेक्षा कमी असतो.' त्या वाक्यापाशी मी अडले आहे. ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण ते ज्या पद्धतीने तपासलं जाणार आहे, तिच्यातून खरी गोष्ट हाती लागणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

या विषयावरचे बहुतेक प्रबंध एकाच पायावर उभे असतात. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडलं की माणूस नवं तंत्रज्ञान वापरेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं : ते आपल्या उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. २००० साली विश्वनाथ वेंकटेश आणि मायकेल मॉरिस यांनी त्यात स्त्री-पुरुष फरक तपासला. पुरुष उपयोगाकडे जास्त बघतात. बायका सोपेपणाकडे आणि आजूबाजूच्या माणसांच्या मताकडे जास्त बघतात, असं त्यांना दिसलं. सवय होत गेली तसा लोकांच्या मताचा प्रभाव ओसरला, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. आपल्याकडे पहिला अर्धा भाग उचलला जातो, दुसरा गळतो. वेंकटेश-मॉरिस यांचा अभ्यास ३४२ नोकरदारांचा होता. त्यांना कामाच्या ठिकाणी नवं सॉफ्टवेअर दिलं होतं आणि पाच महिने त्यांचा वापर पाहिला गेला. यंत्र कुणाच्या मालकीचं, आज ते कुणाला मिळणार, घरात कोण आधी वापरणार, हे प्रश्न तिथे नव्हतेच.

आमच्या वर्गात तेच प्रश्न पहिले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१.५ टक्के. आपल्याकडची पाहणी २०१९ मध्ये झाली, म्हणजे लॉकडाउनच्या तोंडावरचं हे चित्र आहे. शेजारच्या गोव्यात हेच आकडे ७३.७ आणि ८२.९ आहेत. गोव्याच्या बायकांना तंत्रज्ञान सोपं वाटतं आणि आमच्याकडच्यांना अवघड, असं कुणी म्हणेल का?

आणि हा विषय लॉकडाउनबरोबर संपला असंही नाही. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरून करायला मुभा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात हे वाढतच जाणार.

इथे शिकणारे, शिकवणारे, पालक सगळे आहेत. तुमच्या घरी, तुमच्या वर्गात काय झालं आणि काय चालू आहे, ते लिहाल का?

आकडेमोड

महत्त्वाचा धागा. मी संख्याशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. पण प्रबंधांच्या प्रश्नावल्या अजूनही लोक तपासायला पाठवतात, त्यामुळे या विषयावरच्या बऱ्याच पाहण्या नजरेखालून गेल्या आहेत.

पहिला दोष नमुन्यातच असतो. गूगल फॉर्म बनवतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. तो भरतो कोण? ज्याच्याकडे फोन आहे, त्या दिवशी डेटा शिल्लक आहे आणि जो ग्रुपवर वावरतो, तो. ज्या मुलीला फोन मिळत नाही ती गृहीतकाच्या केंद्रस्थानी आणि नमुन्याच्या बाहेर. मग टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची पद्धत) लावतात आणि 'लक्षणीय फरक आढळला नाही' असं लिहून मोकळे होतात. फरक आढळणार कसा? चाळणीतून गेलेल्याच मुली मोजल्या.

दुसरा दोष 'आहे' या शब्दाचा. 'तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?' या प्रश्नाला घरात एक फोन असला तरी मुलगी 'हो' म्हणते. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या २०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना हे नीट वेगळं करून विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. येतो वापरायला, पण स्वतःचा नाही, हा गट मुलींमध्ये फार मोठा आहे. आज पदवीच्या वर्गात बसलेल्या मुली त्याच वयोगटातून आल्या आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची. तिच्याकडे कुणी बघतच नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७ मिनिटं. आणि 'जे करतात' म्हणजे चारातला जेमतेम एक पुरुष. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची पाच वर्षांत दहा मिनिटं कमी. ऑनलाइन शिक्षण म्हणजे घरून शिक्षण असेल, तर हे आकडे थेट त्या शिक्षणाचे आकडे आहेत.

गोदाकाठ, तुमच्या विद्यार्थिनीला एवढंच सांगा : लिंग हा एकटा रकाना ठेवू नका. फोनची मालकी आणि घरकामाचे तास हे दोन रकाने शेजारी ठेवा, आणि ते धरल्यावर मुलगा-मुलगी हा फरक किती उरतो ते बघा.

अबोली

आकडेमोड काका, 'आहे' आणि 'स्वतःचा' यातला फरक वाचून लिहायला बसले. मी कोकणातली, लॉकडाउन लागला तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

घरात दोन फोन. बाबांचा साधा, आईचा स्मार्ट. भाऊ आयटीआयला. दोघांची लेक्चरं साधारण एकाच वेळी. कुणी भांडलं नाही, कुणी मला 'तू शिकू नको' असं म्हटलंही नाही. फक्त भावाची वेळ झाली की फोन त्याच्याकडे जायचा. कारण 'त्याला नोकरी लागायला हवी'. हे इतकं सहज व्हायचं की मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

घरात रेंज धड येत नाही. भाऊ सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, जाऊन बसायचा. मी एकटीने तिथे दुपारभर बसणं शक्य नव्हतं, म्हणून शेजारची मैत्रीण बरोबर आली तरच. पावसाळ्यात तेही बंद. त्या वर्षी सिंधुदुर्गातल्या एका मुलीला भावांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली, ती बातमी सगळीकडे गाजली. त्या मुलीचं कौतुक मलाही वाटलं. पण आमच्या वाडीत आम्ही इतक्या मुली होतो, कुणाकुणासाठी झोपडी बांधणार?

लेक्चर अकरा ते एक. ती आमच्याकडे जेवणाची वेळ. इअरफोन कानात आणि हात पिठात, असं मी सेंद्रिय रसायनशास्त्र ऐकलं आहे. रचनासूत्रं ऐकून समजत नाहीत, ती बघावी लागतात. सरांनी लेक्चर रेकॉर्ड करून टाकायला सुरुवात केली तेव्हा खरा फरक पडला. रात्री सगळी झोपली की फोन माझा. मला तर वाटतं, त्या रेकॉर्डिंगमुळेच मी पास झाले.

आता जे कुठल्या प्रश्नावलीत नसतं ते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि माझा, खरं तर आईचा, नंबर दीडशे जणांकडे गेला. अनोळखी नंबरवरून 'हाय' यायला लागलं. आईने एकदा वाचलं. मी कुणाला काही बोललेच नव्हते, तरी घरात चौकशी माझीच झाली. त्यानंतर मी ग्रुपवर एकही शंका विचारली नाही. एका मुलीने कॅमेरा चालू ठेवला होता, तिचा स्क्रीनशॉट काढून मुलांनी स्टिकर बनवलं. दुसऱ्या दिवसापासून आम्हा सगळ्यांचे कॅमेरे बंद. मॅडम म्हणाल्या, 'मुलींचा प्रतिसाद नाही.' कागदावर तेच खरं दिसत असणार.

सह्यवारा

अबोली, तुझं लिहिणं वाचून वाईट वाटलं. स्टिकरचा प्रकार तर सरळ छळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते आणि अशी तक्रार तिच्याकडे करता येते. किती विद्यार्थिनींना ती समिती कुठे बसते हे माहीत असतं, हा प्रश्न वेगळा.

पण मी चित्राची दुसरी बाजू मांडतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि आमच्याकडे मुली मागे नाहीत, चांगल्या पुढे आहेत. एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन, अभ्यासक्रमांत दर आठवड्याची असाइनमेंट वेळेवर देणाऱ्यांत मुली जास्त. मुलं नावनोंदणी उत्साहाने करतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला गळतात. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतात आणि शेवटी एकमेकांची उत्तरं मागत फिरतात. म्हणून 'मुलींचा स्वीकार कमी' हे गृहीतक मला जुनं वाटतं. यंत्र हातात आलं की मुली ते जास्त गांभीर्याने वापरतात.

गोदाकाठ

सह्यवारा, तुमचं निरीक्षण मला पटतं. पण तुमच्या वर्गात पोचलेली मुलगी आधीच किती दारं ओलांडून आलेली असते ते बघा. तिला लॅपटॉप घेऊन दिलेला असतो, ती बहुतेक वसतिगृहात राहते, दुपारी भाकऱ्या तिला करायच्या नसतात. आमच्या बी.कॉम.ला येणारी मुलगी सकाळी घरचं आवरून एस.टी.ने येते आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास सोडून पळते. दोघींना एका 'विद्यार्थिनी' रकान्यात घातलं की सरासरी काढता येते, समजत काहीच नाही.

एक विचारू? असाइनमेंट पूर्ण करणाऱ्या तुमच्या मुली अंतिम परीक्षेलाही बसतात का?

सह्यवारा

नेमकं विचारलंत. नाही, सगळ्या नाही बसत. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. शुल्क हजार रुपये. केंद्र बहुतेक मोठ्या शहरात, परीक्षा शनिवार-रविवारी, दुपारचं सत्र मिळालं तर परतायला रात्र. मुलगे चार जण मिळून जातात. मुलीबरोबर वडील किंवा भाऊ जाणार, त्यांचा दिवस मोडणार. इतके आठवडे मन लावून केलेला अभ्यासक्रम तिथे सुटतो आणि नोंद होते 'अपूर्ण'. या बाजूने मी विचार केला नव्हता. वर्गातल्या मुलींना उद्याच विचारतो.

दूरदेशी

इथे अमेरिकेत मी एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) गणिताची शिकवणी घेते, त्यामुळे इकडचं थोडं सांगते. सह्यवारा यांच्या निरीक्षणाला इथे चांगला आधार आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या नोंदी घेऊन डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की समोरासमोरच्या वर्गाच्या तुलनेत ऑनलाइन वर्गात सगळ्यांचीच कामगिरी काहीशी घसरते, पण मुलग्यांची जास्त घसरते. वयाने लहान, कृष्णवर्णीय आणि आधीचे गुण कमी असलेल्यांचीही. म्हणजे यंत्र सगळ्यांच्या हातात आहे असं धरलं, तर मागे पडणारा मुलगा निघतो. माझ्या शिकवणीत तेच दिसतं. मुलं लागलेली असाइनमेंट विसरतात, मागे पडल्याचं कुणाला सांगत नाहीत आणि मग एक दिवस येईनाशी होतात. समोर बसवणारं कुणी नसलं की त्यांची फार ओढाताण होते. मुलग्यांच्या या गळतीकडे आपण 'टवाळ आहेत' म्हणून दुर्लक्ष करतो, तेही बरोबर नाही.

कॅमेऱ्याबद्दल अबोलीने लिहिलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. व्हिडिओ मीटिंगने 'खूप' किंवा 'अतिशय' थकवा येतो असं सांगणाऱ्या बायका १३.८ टक्के आणि पुरुष ५.५ टक्के. मोठं कारण म्हणजे सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं. आपण कशा दिसतोय, मागे काय दिसतंय, याकडे अर्धं लक्ष. झूममध्ये स्वतःची चौकट स्वतःपुरती लपवता येते, बाकीच्यांना आपण दिसतच राहतो. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ते बटण दाखवते. एका खोलीच्या घरातून, मागे माणसं वावरत असताना वर्गाला बसणाऱ्या मुलीवर तर हा ताण किती असेल.

चिंचबन

मी खानदेशातली, अंगणवाडीत सेविका आहे. तुमच्यासारखा अभ्यास नाही माझा, पण या विषयात मी स्वतःच बसते म्हणून लिहिते.

बारावीनंतर लग्न झालं. शिक्षण थांबलं. मुलं शाळेत जायला लागल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुस्तकं मिळायची, अभ्यासकेंद्रावर रविवारी तास. घरून परवानगी मिळाली ती एकाच गोष्टीवर : 'रोज जावं लागत नाही ना, मग कर.' विद्यापीठाचं ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं. आता पुढचं शिक्षण चालू आहे आणि बरंच काही फोनवर आलंय. पुस्तकं पीडीएफमध्ये, व्याख्यानं यूट्यूबवर. रात्री अकरानंतर मी विद्यार्थिनी असते.

तेव्हा 'मुलींना ऑनलाइन नको असतं' असं कुणी लिहिलं तर ते माझ्यासारखीला विचारून लिहिलेलं नाही. आम्हाला हवंच असतं. दुसरं दारच नसतं. फोन अंगणवाडीच्या कामामुळे हाती आला, त्यात आधी नोंदी भरायच्या आणि मग अभ्यास.

पण एक सांगते, मनात राहिलंय म्हणून. अभ्यासकेंद्रावरचे ते रविवार मला पुस्तकांपेक्षा जास्त काही देऊन गेले. आम्ही सगळ्या बायका डबे आणायचो. एकीने मला बँकेचं खातं स्वतःच्या नावावर काढायला लावलं. एकीमुळे बचतगटात गेले. सगळं फोनवर झालं तर नंतरच्या मुलींना हे मिळणार नाही.

आकडेमोड

चिंचबन ताई, तुमच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात दूरशिक्षणात ४५.७१ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत २०.९ लाख महिला. म्हणजे जवळपास ४६ टक्के. ज्या देशात इंटरनेट वापरण्यात बायका पुरुषांच्या एवढ्या मागे आहेत, तिथे दूरशिक्षणात त्या जवळजवळ बरोबरीने आहेत. 'बायकांना ऑनलाइनची ओढ कमी' या समजुतीला हा आकडा बसत नाही.

पण तुम्ही शेवटी लिहिलंत ते मला जास्त गंभीर वाटतं. 'रोज जावं लागत नाही ना, मग कर' ही परवानगी उद्या 'ऑनलाइन होतंय ना, मग जायचं कशाला' अशी उलटू शकते.

गोदाकाठ

उलटू लागली आहे. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीला जिल्ह्याच्या गावी पाठवायचं नाही म्हणून घरून पदवी करायला लावलं, अशी उदाहरणं दर प्रवेशाच्या वेळी दिसतात. भाऊ पुण्याला खोली करून राहतो. कागदावर दोघंही 'उच्च शिक्षणात'. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, फार मोठी गोष्ट झाली. फी हे कारण त्यामुळे हटलं. पण बऱ्याच घरांत ते सांगायचं कारण होतं, खरं कारण भीती होती.

शिवारातला

मॅडम, भीती म्हणालात म्हणून लिहितो. मी शेतकरी माणूस, लातूरकडचा. पोरगा पुण्यात शिकतो, पोरगी तालुक्याला बी.एस्सी.ला. पोराला फोन आधी घेतला, पोरीला अजून स्वतःचा नाही. आईचा वापरती. तुम्ही लोक म्हणाल भेदभाव. आहे, मी नाही म्हणत नाही. पण कारण ऐका.

पोरगं लांब राहतं, त्याला फोन नसला तर आमचं बोलणं होत नाही. पोरगी घरात आहे. दुसरं, आमच्या गावात पोरीच्या हातात फोन दिसला की चार जण विचारतात, कुणाशी बोलती. तिच्यावर माझा भरवसा आहे. गावावर नाही. कुणी तिचा फोटो काही करून टाकला तर मी कुठं जाऊ? पोराचं असं काही झालं तर निभावून जातं, पोरीचं शिक्षणच बंद होतं, लगीन ठरत नाही. तिला वाचवायलाच मी फोन लांब ठेवला असं मला वाटत होतं. अबोलीनं लिहिलेलं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण माझी पोरगी बी रात्रीच अभ्यास करती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

अबोली

काका, तुम्ही लिहिलंत याचं मला खरंच बरं वाटलं. माझ्या बाबांनाही हीच भीती होती, फक्त ते कधी बोलले नाहीत.

एक सांगू? आईचा फोन वापरला म्हणून धोका टळत नाही. मला मेसेज आले ते आईच्याच नंबरवर. उलट फोन माझा नव्हता म्हणून मला नंबर ब्लॉक करायचं, फोटो कोण बघेल ते ठरवायचं, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जपून ठेवायचं हे काही करता आलं नाही. मेसेज आईने आधी पुसले, मग मला रागावली. आणि काही घडलं तर पोरगी आधी तुमच्याकडे आली पाहिजे. 'फोन काढून घेतील' या भीतीने मुली घरी सांगतच नाहीत. तेवढं वचन तिला द्या की सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही.

चिंचबन

दादा, अबोलीला अनुमोदन. आणि फोन घेऊन दिलात तरी दुपारचे दोन तास तिला स्वयंपाकातून मोकळं करा. फोन हातात असून वेळ नसणं मी भोगलं आहे. वहिनींना एकटीला सांगू नका, तुम्हीही थोडं हातभार लावा.

पोथीघर

मी एका कॉलेजचा ग्रंथपाल. आमच्याकडे काही गोष्टी करून बघितल्या, त्या सांगतो. फार पैसा लागत नाही.

ग्रंथालयात काही संगणक फक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी ठेवले. सुरुवातीला ते चार वाजेपर्यंतच वापरता यायचे आणि तेव्हा मुलीच जास्त यायच्या. आम्ही वेळ संध्याकाळी सातपर्यंत वाढवली, सगळ्यांची सोय होईल म्हणून. झालं उलटं : चारनंतर एस.टी. नाही म्हणून मुली येईनात आणि संगणक मुलग्यांकडे गेले. मग सकाळी पहिल्या तासाच्या आधी ग्रंथालय उघडायला लागलो, कारण गावांकडच्या गाड्या लवकर येतात आणि मुली बसस्टँडवर ताटकळत बसलेल्या असत. सोय ज्या वेळी ठेवाल, त्या वेळेला जो मोकळा असेल त्यालाच ती मिळते.

दुसरं म्हणजे व्हिडिओबरोबर नुसता आवाज आणि पीडीएफ टिपणं ठेवायची. डेटा कमी लागतो आणि दुसऱ्याच्या फोनवरून पटकन उतरवून घेता येतात. तिसरं, वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप बंद करून मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर आलो. तिथे कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. शंका विचारणाऱ्या मुलींची संख्या लगेच वाढली, शिक्षकांना त्याचं आश्चर्य वाटलं. ज्यांना व्हॉट्सॲपच हवं असेल त्यांनी कम्युनिटीतला सूचनांचा ग्रुप वापरावा, त्यात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

कॅमेऱ्याची सक्ती हजेरीसाठी करत असाल तर कृपा करून सोडा. तासाच्या शेवटी दोन प्रश्न द्या, उत्तर आलं की हजेरी.

सह्यवारा

मुलींशी बोललो. कारणं तीच निघाली : केंद्र लांब, सोबत कुणी नाही, घरी हजार रुपये मागायचा संकोच. आता विभागातर्फे गाडी करून सगळ्यांना एकत्र केंद्रावर नेता येईल का ते प्राचार्यांपाशी मांडणार आहे. सोबत एक शिक्षिका असतील असं घरी सांगता आलं तर बऱ्याच जणी येतील, असं मुलीच म्हणाल्या.

पोथीघर, संगणकांच्या वेळेचा मुद्दा फार मोलाचा. आमची प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत उघडी असते याचा आम्हाला अभिमान आहे. मुलींच्या वसतिगृहाचं दार साडेसातला बंद होतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. विद्यार्थिनीला हा धागा वाचायला दिला. आराखडा बदलतो आहोत. गृहीतकात 'स्वीकार' एकटा ठेवणार नाही. फोनची मालकी, दिवसातला मोकळा वेळ, परीक्षा केंद्राचं अंतर आणि सोबत जाणारं माणूस असे रकाने येतील. प्रश्नावली गूगल फॉर्मवर न देता परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत कॉलेजातच कागदावर भरून घेऊ, कारण त्या दिवसांत प्रत्येक मुलगी येतेच, फोन असो वा नसो. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावरच्या महिलाही घेणार आहोत. मुलग्यांच्या गळतीचा दूरदेशी यांनी काढलेला मुद्दाही त्यात येईल.

आकडेमोड काका, कागदी प्रश्नावली एकदा तपासून द्याल?

आकडेमोड

जरूर, पाठवा. फक्त मुलींच्या प्रश्नावलीवर भाऊ किंवा वडील शेजारी बसलेले नसावेत. वर्गात भरून घ्या, घरी नेऊ देऊ नका. आणि मालकीचा प्रश्न दोन भागांत विचारा : फोन कुणाचा, आणि त्याचा पासवर्ड आणखी कुणाकुणाला माहीत आहे.

अबोली

माझ्याकडून एक प्रश्न घाला. 'ऑनलाइन तास चालू असताना तुम्हाला मध्येच उठून जावं लागतं का? कोण उठवतं आणि कशासाठी?' मुलांनाही हाच विचारा.

शिवारातला

मी बी एक सुचवतो. पालकांसाठी एक कागद वेगळा ठेवा. आम्हाला कुणी विचारतच नाही. लिहिता न येणाऱ्यांना वाचून दाखवा, सांगतील ते.